दमट हवेत सेफ्टिओफरची संवेदनशीलता चाचणी कशी करावी

कासदाह, म्हणजे गोठ्यातल्या भाषेत दगडी झालेल्या गाई-म्हशींच्या दुधातून जिवाणू वेगळे केल्यावर त्यांच्यावर सेफ्टिओफर हे प्रतिजैविक चालेल की नाही, हे चकती पद्धतीने तपासता येते, म्हणजे औषध शोषलेली कागदी चकती जिवाणू पसरलेल्या प्लेटवर ठेवून तिच्याभोवती वाढ न झालेल्या वलयाचा व्यास मोजतात. हे तिसऱ्या पिढीतील सेफॅलोस्पोरिन (पेनिसिलिनशी नाते असलेल्या प्रतिजैविकांचा गट) फक्त जनावरांसाठी वापरले जाते. त्याच्या रेणूतील बीटा-लॅक्टॅम कडे (अणूंची साखळी) ओलाव्याने हळूहळू उघडते आणि मग औषध निकामी होते. म्हणून कोकणात जून ते सप्टेंबर या काळात जिवाणूइतकेच लक्ष चकत्यांकडे द्यावे लागते.

३० मायक्रोग्रॅमच्या चकत्यांचा मुख्य साठा उणे २० अंश सेल्सिअसला ठेवावा. रोजच्या वापराची कुपी सिलिका जेलसह हवाबंद डब्यात घालून फ्रीजमध्ये ८ अंशांच्या आत ठेवावी आणि जेलचे निळे खडे गुलाबी पडू लागताच ते बदलावेत. डबा बाहेर काढल्यावर लगेच उघडू नये. रत्नागिरी किंवा मालवणच्या पावसाळी हवेत थंड कुपीचे झाकण काढले, की काचेवर आतूनही बाष्प धरते आणि तेच पाणी कागदी चकत्या शोषून घेतात. म्हणून डबा बंद ठेवूनच तो खोलीच्या तापमानाला येऊ द्यावा, त्याला तासभर लागला तरी चालेल. वीज गेली असेल तर फ्रीज उघडूच नये.

ताज्या वाढीतील वसाहती सलाइनमध्ये मिसळून गढूळपणा ०.५ मॅकफार्लंड मानकाशी (गढूळपणा तुलनेसाठी ठरवलेले प्रमाण द्रावण) जुळवावा. त्यात निर्जंतुक कापसाचा बोळा बुडवून तो नळीच्या कडेला दाबून निथळावा आणि ४ मिलिमीटर जाडीच्या म्यूलर-हिंटन अगरवर (जिवाणू वाढवण्याचे घट्ट माध्यम), प्लेट दर वेळी ६० अंशांनी फिरवत, तीनदा सारवावा. त्याआधी प्लेट कोरडी असल्याची खात्री करावी, कारण पृष्ठभागावर थेंब असले तर वाढ एकसारखी येत नाही. चकती एकदा टेकली की हलवू नये. औषध त्याच क्षणी अगरमध्ये उतरू लागते. १५ मिनिटांच्या आत प्लेट उलटी करून ३५ अंशांच्या इन्क्युबेटरमध्ये १६ ते १८ तास ठेवावी.

प्रत्येक खेपेला ई. कोलाय एटीसीसी २५९२२ हा नियंत्रण जिवाणू (ज्याचा निकाल आधीच माहीत असतो असा प्रमाणित वाण) लावावाच, ही माझी आग्रहाची विनंती आहे. त्याचे वलय २६ ते ३१ मिलिमीटर यायला हवे. ते २३ किंवा २४ भरले, तर पहिला संशय चकत्यांवर घ्यावा आणि त्या दिवशीचा कोणताही निकाल देऊ नये. दुबळ्या चकतीमुळे साधा जिवाणूसुद्धा प्रतिरोधक दिसतो आणि चालू शकणारे औषध विनाकारण बाद होते.

नियंत्रण बरोबर आले, तरच नमुन्याचे वलय मोजावे. गाईच्या कासदाहातील ई. कोलाय आणि स्टॅफिलोकोकस ऑरियससाठी २१ मिलिमीटर किंवा अधिक म्हणजे संवेदनशील, १८ ते २० मध्यम आणि १७ किंवा कमी म्हणजे प्रतिरोधक. एन्टेरोकोकस आढळल्यास ही चकती लावण्यात अर्थ नाही, कारण सेफॅलोस्पोरिनांना तो उपजतच दाद देत नाही.

प्रतिरोधक निकाल कळवण्यापूर्वी नव्या कुपीतील चकतीने चाचणी पुन्हा करावी आणि अहवालात नमुन्याच्या वलयाशेजारी त्या दिवशीचे नियंत्रण वलयही लिहावे, म्हणजे पशुवैद्यकांना त्या आकड्यावर किती विसंबायचे हे ठरवता येईल. तिसऱ्या पिढीतील सेफॅलोस्पोरिने माणसांच्या उपचारांसाठीही अत्यंत महत्त्वाची असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने म्हटले आहे. त्यामुळे निकाल संवेदनशील आला तरी ते औषध द्यायचे की नाही, हा निर्णय पशुवैद्यकांचाच राहील.