स्ट्रूप प्रयोग स्वतः करून पाहताना

अवधान, स्मृती, विचार या प्रक्रिया डोळ्यांना दिसत नाहीत. म्हणून बोधनिक मानसशास्त्रात त्यांचे अनुमान बहुधा प्रतिसादाला लागलेला वेळ आणि झालेल्या चुका यांवरून बांधले जाते. ही रीत समजण्यासाठी जॉन रिडली स्ट्रूप यांनी १९३५ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग थोड्या साध्या रूपात करून पाहावा.

दोन तक्ते तयार करावेत. पहिल्यात लाल, निळ्या, हिरव्या आणि पिवळ्या रंगांचे ४० चौकोन काढावेत. दुसऱ्यात त्याच रंगांच्या शाईने रंगांची ४० नावे लिहावीत, मात्र शब्द आणि शाई कुठेही जुळू देऊ नयेत. सहभागी व्यक्तीने शब्द न वाचता केवळ रंग मोठ्याने सांगावा आणि आपण स्टॉपवॉचवर वेळ नोंदवावा. निळ्या शाईतल्या ‘लाल’ शब्दापाशी ओठांवर ‘ला…’ येते आणि मग अडखळत ‘निळा’ उमटतो; हे अडखळणेच आपल्याला मोजायचे आहे.

येथे तक्त्याचा प्रकार हा स्वाश्रयी चल, म्हणजे आपण मुद्दाम बदलतो तो घटक, तर वेळ हा आश्रयी चल, म्हणजे त्यानुसार बदलणारा, मोजायचा घटक होय. नवशिके हमखास चुकतात ते क्रमात: चौकोनांचा तक्ता सर्वांनाच आधी दिल्यास सराव किंवा थकवा निकालात मिसळतो, म्हणून निम्म्या व्यक्तींना क्रम उलटा द्यावा. रंगांधळेपणाची चौकशीही आधीच करावी.

सवयीचे वाचन आपोआप घडते, हे दुसऱ्या तक्त्याला लागणाऱ्या जादा वेळाचे प्रचलित स्पष्टीकरण आहे. ते पारखायचे असेल, तर तीच नावे सहभागींना अजिबात न येणाऱ्या लिपीत लिहून तिसरा तक्ता द्यावा; तेथे वाचन होऊच शकत नसल्याने विलंब उरला नाही, तर या स्पष्टीकरणाला बळ मिळेल.