आधी कोणाकडे जायचं?

माझ्या धाकट्या भावाचं हात धुणं थांबत नव्हतं. कातडी सोलवटली तरी नळ चालूच. आम्ही त्याला समुपदेशकाकडे नेलं. बाई मनापासून ऐकून घ्यायच्या, त्यालाही तिथे मोकळं वाटायचं, पण सहा महिन्यांनंतरही हात धुणं तेवढंच. त्याला हवे होते ते उपचार वेगळे होते, आणि हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं.

घोळ शब्दापासूनच सुरू होतो. ‘मानसोपचारतज्ज्ञ’ आपण डॉक्टरांनाही म्हणतो आणि औषध न देणाऱ्या थेरपिस्टनाही. म्हणून वेळ ठरवतानाच विचारा, “तुम्ही डॉक्टर आहात का? औषधं लिहून देता का?” दोन्हींना हो आलं, तर बहुधा ते सायकिअॅट्रिस्ट, म्हणजे मनोविकारतज्ज्ञ. भास होत असतील, कित्येक रात्री झोप नसेल, माणूस खाणंपिणं सोडून बसला असेल, तर आधी त्यांच्याकडेच जा. जीव द्यायचं बोलत असेल तर अपॉइंटमेंटची वाट पाहू नका. त्याला एकटं न सोडता थेट इमर्जन्सीत न्या. हे डॉक्टर रक्तही तपासायला सांगतात, कारण थायरॉइड मंदावलं तरी माणूस असाच उदास, सुस्त होतो.

भावाला ओसीडी, म्हणजे नको असलेले विचार पुन्हापुन्हा येणं आणि त्यापायी तीच कृती करत राहणं, हा आजार असल्याचं निदान शेवटी अशा मनोविकारतज्ज्ञांनीच केलं. गोळ्यांचा पुरता परिणाम दिसायला ८ ते १२ आठवडे लागू शकतात हेही आधीच सांगितलं, म्हणून आम्ही मध्येच सोडल्या नाहीत. मग त्यांनी क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे पाठवलं. हे मानसशास्त्रात शिकलेले. चाचण्या घेतात, थेरपी देतात. ओसीडीवरच्या थेरपीत ज्याची भीती वाटते त्याला हात लावायचा आणि धुवायचं नाही, एवढंच. सोप्यापासून सुरुवात. पहिल्या दिवशी भावाने दाराची कडी धरली आणि घामाघूम होऊन नुसता बसून राहिला. आपोआप ओसरेपर्यंत ती भीती सोसायची, हेच ते औषध.

समुपदेशक कमी दर्जाचे, असं मात्र समजू नका. जवळचं माणूस गेलं, नातं तुटलं, नोकरीचा ताण असह्य झाला, तर त्यांची मोठी मदत होते. सायकिअॅट्रिक सोशल वर्कर घरच्यांना हाताशी धरतात. आमच्या आईला ‘हात स्वच्छ झालेत ना?’ या त्याच्या प्रश्नाला उत्तर न देणं त्यांनीच शिकवलं. फिट येत असेल, तर न्यूरॉलॉजिस्ट, म्हणजे मेंदू आणि नसांचे डॉक्टर.

पहिल्या भेटीत तीन गोष्टी विचारा. या त्रासावर कोणती पद्धत वापरता? साधारण किती सेशन्स? आणि फरक पडला नाही तर केव्हा, कोणाकडे पाठवाल? तिसरा प्रश्न आम्ही विचारला असता, तर ते सहा महिने वाचले असते.