लस घेतल्यावर पोराच्या छातीत दुखलं तर काय करायचं

आधी एक गोष्ट क्लिअर करते, कारण फॅमिली ग्रुपवर सगळा गोंधळ इथेच होतो. कोविडच्या लशीनंतर हृदयाला सूज येण्याचा जो विषय आहे (मायोकार्डायटिस म्हणजे हृदयाच्या स्नायूला सूज आणि पेरिकार्डायटिस म्हणजे बाहेरच्या आवरणाला) तो मुख्यतः फायझर आणि मॉडर्ना या एमआरएनए लशींचा (विषाणूचा एक भाग कसा बनवायचा याची सूचना शरीराला देणाऱ्या लशी). भारतात बहुतेकांनी घेतली कोविशिल्ड नाहीतर कोव्हॅक्सिन, त्या एमआरएनए नाहीत. पुण्याच्या जिनोव्हाची जेमकोव्हॅक एमआरएनए आहे, पण ती फार कमी लोकांनी घेतली. म्हणून हे मेनली अमेरिकेत वगैरे राहणाऱ्या, घरात कॉलेजच्या वयाचा मुलगा असलेल्या आपल्या लोकांसाठी.

मुलगा मुद्दाम म्हणतेय, कारण 2021 मध्ये इस्रायल आणि अमेरिकेत केसेस दिसायला लागल्या तेव्हा त्यात बहुतेक 12 ते 29 वयाचे मुलगेच होते, आणि तेही दुसऱ्या डोसनंतर. सगळ्यात जास्त प्रमाण 16-17 च्या मुलांत, फायझरच्या दुसऱ्या डोसनंतर दर दहा लाख डोसमागे साधारण 106. म्हणजे जवळपास दहा हजारात एक. घाबरून लसच घेऊ नये इतकं हे नाही, पण दुर्लक्ष करावं असंही नाही.

लक्ष ठेवायचं ते पहिला आठवडाभर, त्यातही दुसऱ्या ते चौथ्या दिवशी जास्त. दंड दुखणं, कणकण, एक दिवस ताप हे नॉर्मल. पण छातीत दुखतंय, दम लागतोय, धडधडतंय असं तो म्हणाला तर थांबायचं नाही. आपल्याकडे लगेच ॲसिडिटी म्हणून इनो नाहीतर ओवा देतात, ते नको. एक खूण बघा, आडवं झालं की दुखणं वाढतं आणि उठून पुढे वाकून बसलं की जरा बरं वाटतं, मुलगा रात्री उशा मांडीवर घेऊन त्यावर वाकून बसला असेल तर बहुधा आवरणाला सूज आहे. नुसत्या स्नायूच्या सुजेत हे नसेलही, त्यामुळे खूण नाही म्हणून घरी बसू नका. चक्कर येऊन पडला किंवा श्वासच घेता येत नसेल तर गाडी काढत बसू नका, सरळ 911, भारतात असाल तर 108.

इमर्जन्सीत गेल्यावर पहिल्याच वाक्यात सांगायचं, कुठली लस, कितवा डोस, कुठल्या तारखेला. कार्डाचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा. हे नाही सांगितलं तर सतरा वर्षांच्या धडधाकट पोराचं छातीत दुखणं म्हणजे जिममध्ये स्नायू आखडला असेल, असं म्हणून घरी पाठवायची शक्यता असते. ईसीजी आणि ट्रोपोनिनची (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारं प्रथिन) रक्ततपासणी करताय ना, हे विचारा, न लाजता. नुसता ईसीजी नॉर्मल आला म्हणून विषय संपत नाही, ट्रोपोनिन हवंच. ते वाढलेलं असेल तर पुढे इको आणि लागला तर हृदयाचा एमआरआय.

बहुतेक मुलं आराम आणि आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्यांवर काही दिवसांत बरी होतात, एखाद-दोन रात्री ॲडमिट ठेवतात. खरी कटकट नंतर असते, पोराला एकदम ठीक वाटतं आणि त्याला क्रिकेट, जिम सगळं चालू करायचं असतं. साधारण 3 ते 6 महिने जोराचा व्यायाम बंद सांगतात, कारण सूज असताना हृदयावर ताण आला तर ठोके बिघडू शकतात. शाळेच्या कोचला डॉक्टरची चिठ्ठी द्या, तोंडी सांगून पोरं ऐकत नाहीत. कार्डिओलॉजिस्टने परत तपासून ओके म्हटल्यावरच मैदान. आणि पुढचा एमआरएनए डोस सहसा टाळायलाच सांगतात, तो निर्णयही त्यांच्याशी बोलूनच.

2023 पर्यंत अमेरिकेत या वयाच्या मुलांना सुरुवातीला दोन डोस असायचे, त्यांत 8 आठवडे ठेवले तर हा धोका कमी होतो असं दिसलं होतं; आताही एकापेक्षा जास्त डोस सांगितले असतील तर डॉक्टरला अंतराचं विचारा. आणि झालंच काही तर अमेरिकेत व्हेअर्सवर (लशीच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारी सरकारी यंत्रणा) रिपोर्ट टाका, तो डॉक्टरच नाही तर आईवडीलही टाकू शकतात.