शंभर मीटरचा अंदाज दरवेळी का चुकतो? या चुका टाळा

ऑलिम्पिक किंवा वर्ल्ड चॅम्पियनशिप आली की सोलापूरच्या पार्क चौकातल्या चहाच्या गाड्यावर चार दिवस सगळेच अ‍ॅथलेटिक्सचे एक्स्पर्ट होतात, आणि अंदाज काढायची पद्धत पण सगळ्यांची एकच असते. मोबाईल काढायचा, यंदाचा सगळ्यात फास्ट टाइम कुणाचा ते बघायचं आणि ठोकून द्यायचं, हाच जिंकणार. क्रिकेटला हीच माणसं पिच बघतात, टॉस बघतात, दव पडणार का ते पण विचारतात, पण पळण्यात काय बघायचंय म्हणतात. मग निकाल वेगळा लागला की "सगळं फिक्स असतंय बे".

फिक्स काय नसतंय मालक. बघायचं ते बघत नाही आपण.

टाइमच्या यादीतला पहिला म्हणजेच विजेता समजणं

२०२४ पॅरिस घ्या. किशेन थॉम्पसननं जमैकाच्या ट्रायल्सला (देशाची टीम निवडायची स्पर्धा) ९.७७ काढलेला, त्या वर्षीचा सगळ्यात फास्ट. अमेरिकेच्या नोहा लाइल्सचा बेस्ट ९.८१, तो पण फायनलच्या दोनच आठवडे आधी लंडनला आलेला. यादी बघणाऱ्यांनी थॉम्पसनवर पैज लावली आणि फायनलला दोघांच्याही नावापुढं ९.७९ आलं. फोटो फिनिशमध्ये लाइल्स ९.७८४ आणि थॉम्पसन ९.७८९, म्हणजे सेकंदाचे पाच हजारांश. त्या स्पीडला हे अंतर साधारण सहा सेंटिमीटर होतं, हाताची तीन-चार बोटं. आणि आठव्या नंबरला आलेला ऑब्लिक सेव्हिल किती पळाला माहितीय का, ९.९१! पहिला आणि शेवटचा यांच्यात सव्वा दशांश सेकंदसुद्धा नाही.

आता थॉम्पसनचं नाव घेणारा चुकला का? माझ्या मते नाही, त्याचं नाव बरोबरच होतं, छाती ठोकून सांगणं चुकलं. दोन पळणाऱ्यांच्या सीझन बेस्टमध्ये (त्या वर्षीचा सगळ्यात चांगला टाइम) ०.०५ पेक्षा कमी फरक असेल तर दोघांना सारखंच धरा आणि विजेता एक न सांगता पहिले तीन सांगा. अंदाज लिहून ठेवायची सवय असेल तर नावापुढं टक्के लिहा, "थॉम्पसन ४०, लाइल्स ३५" असं. दहा रेस झाल्या की आपण किती फेकतो ते आपलं आपल्यालाच दिसतं.

वारा न बघता टाइम वाचणं

ही सगळ्यात कॉमन चूक आणि दुरुस्त करायला सगळ्यात सोपी, तरी कुणी करत नाही. रिझल्टमध्ये टाइमच्या शेजारी +१.३ किंवा -०.८ असा आकडा असतोय ना, तो वारा. प्लस म्हणजे पाठीवरचा, मायनस म्हणजे तोंडावरचा, मीटर प्रति सेकंदमध्ये. पाठीवरचा वारा २.० च्या वर गेला की तो टाइम रेकॉर्डला धरत नाहीत, रेसचा नंबर मात्र तसाच राहतो.

ढोबळ हिशोब असा ठेवा, शंभर मीटरला एक मीटरचा वारा म्हणजे साधारण ०.०५ सेकंद. एकजण +२.० वाऱ्यात १०.०० पळाला आणि दुसरा -१.० मध्ये १०.०५, तर यादीत पहिला वर दिसेल, पण वारा काढून टाकला तर पहिला १०.१० चा माणूस आहे आणि दुसरा जवळपास १०.०० चा. तोंडावरचा वारा तर जितका मारतो तितका पाठीवरचा देत पण नाही. २०११ ला कोरियातल्या दैगूच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये योहान ब्लेक ९.९२ मध्ये जिंकला तेव्हा "बोल्ट बाद झाला म्हणून ह्याचं फावलं" म्हणणारे लई होते, वारा मात्र कुणी बघितला नाही, तो होता -१.४. शांत हवेत तीच रेस ९.८५ च्या आसपास गेली असती.

उलटं उदाहरण टायसन गेचं. २००८ च्या अमेरिकन ट्रायल्सला ९.६८, त्यावेळी इतका फास्ट माणूस कुणी बघितलाच नव्हता, पण वारा +४.१. पुढं त्याच ट्रायल्समध्ये २०० मीटर पळताना त्याचं हॅमस्ट्रिंग (मांडीमागचा स्नायू) गेलं आणि बीजिंगला तो सेमीफायनलमध्येच बाहेर पडला. त्या ९.६८ वर विसंबलेल्यांनी दोन गोष्टी बघितल्या नव्हत्या, वारा आणि दुखापत.

उंचीचं पण तसंच. हजार मीटरच्या वरच्या गावात हवा विरळ असते म्हणून स्प्रिंटला फायदा होतो. केनियाचा फर्डिनांड ओमान्याला नैरोबीत ९.७७ आणि ९.७९ पळालाय, पण पॅरिसला सेमीतच थांबला. नैरोबी समुद्रसपाटीपासून सतराशे मीटरच्या वर आहे. चांगला पळणारा आहे तो, वाद नाही, पण नैरोबीचा आकडा जसाच्या तसा पॅरिसला नेऊ नका. (आपलं सोलापूर साडेचारशे मीटरच्या आसपास, त्यामुळं आपल्या पोरांना तो फायदा नाही. ऊन तेवढं भरपूर.)

हीट आणि सेमीवरून फायनल ठरवणं, किंवा हीट-सेमी बघायचंच नाही

दोन्ही बाजूनं चुकतात लोक. हीटमध्ये, म्हणजे सुरुवातीच्या फेरीत, मोठे खेळाडू सत्तर-ऐंशी मीटरनंतर सोडून देतात, इकडंतिकडं बघत लाइन ओलांडतात, त्यामुळं हीटचा टाइम म्हणजे अर्धवट माहिती. पॅरिसला लाइल्स हीटमध्ये १०.०४ काढून दुसरा आलेला, तेव्हाच "संपला ह्याचा विषय" म्हणणारे होते.

सेमी जरा खरी असते, पण तिथं पण एक मेख आहे. पॅरिसच्या सेमीत सेव्हिलनं ९.८१ काढून लाइल्सला मागं टाकलं, आणि दोन तासांच्या आत झालेल्या फायनलला तोच सेव्हिल आठवा. म्हणजे प्रश्न हा विचारायचा की तिसऱ्या वेळी जोर लावायला ह्याच्या पायात काय उरलंय. आणि म्हणून सेव्हिलवर फुली मारून बसणारे पण पुढच्याच वर्षी तोंडावर पडले, २०२५ ला टोकियोच्या वर्ल्डमध्ये तोच ९.७७ काढून जिंकला, थॉम्पसन दुसरा आणि लाइल्स तिसरा.

बायकांच्या रेसमध्ये तर ह्याहून भारी किस्सा आहे. २०२३ बुडापेस्ट, शा'कॅरी रिचर्डसन सेमीत तिसरी आली, थेट एंट्री नाही, टाइमवर कशीबशी फायनलला गेली आणि लेन मिळाली नववी, एकदम बाहेरची. तिथून ती १०.६५ पळाली आणि गोल्ड घेऊन गेली. "बाहेरची लेन आहे, जाऊ द्या" हा नियम शंभर मीटरला चालत नाही. २०० आणि ४०० ला वळण असतंय म्हणून तिथं लेनला अर्थ आहे, अगदी आतल्या लेनला वळण घट्ट बसतं आणि उंच पळणाऱ्याला ते नडतं.

सेमी कशी बघायची? टाइम सोडा, शेवटचे वीस मीटर बघा. खांदे वर चढलेत का, तोंड आवळलंय का, का आरामात पळतोय. सारख्याच ९.८५ मध्ये एकजण जोर न लावता पळालेला असतो आणि दुसऱ्यानं सगळं ओतलेलं असतं.

स्टार्टवरच फिदा होणं

स्टार्टमध्ये दोन गोष्टी असतात आणि लोक त्या एक करून टाकतात. गोळी वाजल्यावर किती वेळात हलला तो रिअ‍ॅक्शन टाइम, आणि हलल्यावर पहिल्या तीस मीटरला किती जोरात निघाला ते अ‍ॅक्सिलरेशन. लाइल्सचा पॅरिस फायनलचा रिअ‍ॅक्शन ०.१७८, तीस मीटरला तो आठांत शेवटचा होता. बोल्टचा ९.५८ च्या वेळी पण ०.१४६ होता, फार काही भारी नाही.

टीव्हीवर सांगतात ना, "शेवटच्या वीस मीटरमध्ये त्यानं स्पीड वाढवला", ते ऐकून सोडून द्या. शंभर मीटरला सगळे साठ-सत्तर-ऐंशीच्या दरम्यान टॉप स्पीडला पोचतात आणि त्यानंतर सगळेच हळू होतात, बोल्टसुद्धा. जो कमी हळू होतो तो पुढं सरकताना दिसतो, एवढंच. म्हणून ६० मीटर इनडोअरच्या निकालावरून उन्हाळ्यातला शंभर मीटर सांगायला जाऊ नका. २०२४ च्या मार्चमध्ये ग्लासगोला ख्रिश्चन कोलमननं ६.४१ काढून लाइल्सला हरवलं, आणि जूनमध्ये अमेरिकन ट्रायल्सला कोलमन शंभर मीटरला चौथा आला, म्हणजे वैयक्तिक शंभर मीटरचं तिकीटच गेलं.

फॉल्स स्टार्ट, म्हणजे गोळीच्या आधीच निघणं, ते पण हिशोबात धरा. २०१० पासून एक चूक झाली की थेट बाहेर. बोल्ट दैगूला त्यातच गेला, टोकियोत फायनलला बोत्स्वानाचा लेत्सिले टेबोगो गेला. कितीही भारी माणूस असला तरी त्याला शंभर टक्के कधीच देऊ नका, हे एक कारण पुरेसं आहे.

१०० चा राजा २०० ला पण चिकटवणं

टेबोगो पॅरिसला शंभर मीटरमध्ये सहावा होता, ९.८६. चारच दिवसांनी २०० ला १९.४६ काढून गोल्ड. लाइल्स तिथं फेव्हरिट होता पण त्याला कोविड झालेला, तिसरा आला. तब्येतीची बातमी बऱ्याचदा रेसनंतरच बाहेर येते, पण खेळाडूनं गेल्या महिन्याभरात किती रेस सोडल्या, सेमीत मांडीला हात लावत होता का, हे आधी दिसतंय.

आपल्या मैदानावरचा स्टॉपवॉच

आता घरचा विषय. कुमठा नाक्याच्या क्रीडा संकुलात असो नाहीतर शाळेच्या ग्राउंडवर, "आमचा पोरगा दहा-सहा पळतो ओ" असं सांगणारे काका प्रत्येक ठिकाणी भेटतात. पोरगा फास्ट असतोय, शंका नाही, पण १०.६ हातातल्या घड्याळाचा असतो. हाताच्या टाइमची इलेक्ट्रॉनिकशी तुलना करायची तर शंभर आणि दोनशेला ०.२४ मिळवायचे असा ठरलेला हिशोब आहे, म्हणजे तो १०.८४ झाला. वर नियमानं हाताचा टाइम पुढच्या दशांशावर न्यायचा असतो, १०.६१ आला तरी १०.७ लिहायचा. आपल्याकडं १०.६९ ला पण १०.६ लिहितात, प्रेमापोटी.

अजून एक. फिनिशला उभं राहून शिट्टीचा आवाज ऐकून घड्याळ चालू करतात, आणि आवाजाला शंभर मीटर यायला जवळपास ०.३ सेकंद लागतात. पोरगा बसल्याजागी तेवढा फास्ट झाला की! बंदूक असेल तर धूर बघून चालू करा, शिट्टीच असेल तर ती वाजवणाऱ्याला सोबत हात खाली पाडायला सांगा. आणि अंगठ्यानं नको, तर्जनीनं दाबा.

हे झालं नाही की पुढची सगळी गणितं बिघडतात, पोरग्याला वाटतं आपण नॅशनलच्या जवळ आलोय. २०२५ मध्ये गुरिंदरवीर सिंगनं १०.२० आणि मग अनिमेष कुजूरनं १०.१८ असा नॅशनल रेकॉर्ड नेला, सगळं इलेक्ट्रॉनिक. आणि त्या वर्षी वर्ल्ड चॅम्पियनशिपला थेट जायला टाइम लागत होता १०.००. म्हणजे भारतीय खेळाडू मोठ्या स्पर्धेत उतरला की "मेडल येणार का" हा प्रश्नच चुकीचा, "स्वतःचा बेस्ट काढेल का, सेमीला जाईल का" हे विचारा, रेस बघायला पण मजा येते.

रिले

इथं चार जणांच्या टाइमची बेरीज करू नका. अमेरिकेच्या पुरुषांची ४ बाय १०० ची बेरीज कायम सगळ्यात भारी असते, आणि २०१६ ला रिओ ऑलिम्पिकला डिसक्वालिफाय, पुढच्या ऑलिम्पिकला फायनललाच नाहीत, पॅरिसला पहिल्याच बॅटन बदलीत घोळ आणि परत डिसक्वालिफाय, गोल्ड कॅनडाला. हे सगळं बघून शहाण्या माणसानं २०२५ ला टोकियोसाठी काय लिहिलं असतं? ४ बाय १०० ला अमेरिका नको आणि ४ बाय ४०० ला डोळे झाकून अमेरिका. झालं बरोबर उलटं, ४ बाय १०० ला अमेरिका ३७.२९ काढून पहिली आणि ४ बाय ४०० बोत्स्वानानं नेली.