पावसाळी ट्रेकचं जॅकेट आणि शूज: रिसायकल्ड घ्यायच्या आधी जुनं तपासा

जून उजाडला की आमच्या ट्रेक ग्रुपवर पहिला मेसेज ठरलेला, जॅकेट गळतंय, नवीन कुठलं घेऊ, आणि हल्ली त्याला शेपूट, शक्यतो रिसायकल्डवालं सांगा. घ्या की, पण जुनं खरंच मेलंय का ते आधी बघा.

जॅकेट नळाखाली धरा. थेंब टपटप घरंगळले तर चांगलंच आहे. पाणी पसरून कापड काळपट पडलं तर लगेच फेकू नका, कारण पाणी अडवतो तो आतला थर, बाहेरचा थर नुसता पाणी झटकतो, तो भिजला की घाम बाहेर जात नाही, आतून ओलं लागतं आणि आपण म्हणतो गळतंय. बऱ्याचदा तो फक्त घामाने नी मळाने चिकटलेला असतो. चेन लावून सौम्य लिक्विडने धुवा, पावडर नको, कंडिशनर तर अजिबात नको, दोनदा खळबळून काढा. वाळल्यावर लेबलवर इस्त्री चालेल असं असेल तरच वर सुती कापड टाकून अगदी कमी गरम इस्त्री फिरवा, उष्णतेने तो थर पुन्हा जागा होतो. तरी पाणी पसरतंय तर पाणी झटकणारा स्प्रे मारा, फक्त पीएफएएस नावाची रसायनं नसलेला बघून, कारण ती रसायनं निसर्गात जवळजवळ विघटनच पावत नाहीत. आतून पांढरे पापुद्रे सुटत असतील किंवा हात चिकटत असेल तर मात्र कोटिंग गेलं, त्यावर पैसे घालू नका. शिवणीवरची पट्टी तेवढी उचकटली असेल तर सीम सीलर, म्हणजे शिवण बुजवायचा गोंद, लावा, सुईदोरा घेऊ नका, नवी भोकं पडतात.

शूजचं वेगळंच. माझे जेमतेम ३-४ ट्रेक झालेले शूज दोन वर्षं माळ्यावर होते, गुंजवण्यातून राजगड चढताना चोर दरवाज्याच्या खालीच एक सोल जबडा उघडून बसला, सुतळीने बांधून उतरलो. सोलमधला पीयूचा, म्हणजे पॉलियुरेथेन फोमचा, मधला थर दमट हवेत न वापरताच सडतो. म्हणून सीझनच्या आधी अंगठ्याने दाबून बघा, चिरा पडल्या किंवा भुगा निघाला तर चिकटवून उपयोग नाही. नुसता सोल सुटला असेल तर चिकटवून वर चांभाराकडून कडेने शिवून घ्या, अजून दोन सीझन आरामात निघतात. (दुकानदार हे सांगणार नाही.)

आता नवीन घ्यायचंच आहे तर टॅग उलटा करा. नुसतं 'रिसायकल्ड मटेरियलपासून' लिहिलेलं काही सांगत नाही, टक्के किती आणि कशाचे ते बघा, कारण कित्येकदा बाहेरचं कापड साधंच असतं आणि अस्तर तेवढं रिसायकल्ड. जीआरएस म्हणजे ग्लोबल रिसायकल्ड स्टँडर्डचं चिन्ह असेल तर त्या वस्तूत किमान ५०% रिसायकल्ड माल लागतो, हे बरं. रिसायकल्ड पॉलिस्टर बहुतेक पाण्याच्या बाटल्यांचं असतं, पॅटागोनियाने १९९३ मध्येच बाटल्यांपासून फ्लीस, म्हणजे ते लोकरीसारखं मऊ गरम कापड, काढलं होतं. पण बाटलीची पुन्हा बाटली होऊ शकते, जॅकेटचं पुन्हा जॅकेट क्वचितच होतं, म्हणून 'इतक्या बाटल्यांपासून बनवलं' असल्या आकड्यांचं मला फार कौतुक नाही. मासेमारीच्या जुन्या जाळ्यांचं नायलॉन, इकॉनिल वगैरे, मला जास्त पटतं, कारण ते पार मूळ रसायनापर्यंत तोडून पुन्हा नवं नायलॉन करतात.

आणि फ्लीस रिसायकल्ड असलं तरी धुताना बारीक प्लास्टिकचे धागे सोडतंच. दर ट्रेकनंतर मशिनमध्ये टाकू नका, झटकून वाऱ्यावर टांगा, डाग तेवढाच ओल्या फडक्याने पुसा, धुवायची वेळ आलीच तर गार पाणी आणि मशिन पूर्ण भरून.