समुद्राकाठची संध्याकाळ हातची घालवू नका : लातूरहून रत्नागिरीला जाताना या चुका टाळा

आपल्याकडचा माणूस समुद्रावर गेला की धावत सुटतो. साहजिकच आहे. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. त्या गावच्या माणसापुढे नजर पुरणार नाही एवढं पाणी आलं, तर त्याने हळू कसं चालावं? पण समुद्राकाठच्या गावची संध्याकाळ धावणाऱ्याच्या वाट्याला येत नाही. मी आणि माझ्या मोठ्या जाऊबाई रत्नागिरीला दोनदा जाऊन आलो. पहिल्या खेपेला चारपैकी तीन संध्याकाळी आम्ही हकनाक घालवल्या. दुसऱ्या खेपेला एकही नाही. तेवढ्यासाठी हे लिहिते आहे.

पोचलात त्याच दिवशी समुद्र गाठू नका

लातूर ते रत्नागिरी साधारण पाचशे किलोमीटर. २०२३ पासून एसटीत बायकांना निम्मं तिकीट आहे, म्हणून आम्ही एसटीनेच गेलो, कोल्हापूरला गाडी बदलून. आंबा घाटातली वळणं संपेपर्यंत पोटात ढवळून निघालं होतं. तरी खोलीवर पिशव्या टाकून मी जाऊबाईंना तशीच मांडवीच्या किनाऱ्यावर घेऊन गेले. त्या कठड्यावर बसल्या आणि म्हणाल्या, "अगं, समुद्र कुठं पळून चाललाय का?" खरंच होतं. त्या दिवशी त्यांनी डोळे मिटून घेतले, सूर्य मी एकटीनेच पाहिला. दुसऱ्या खेपेला पहिल्या संध्याकाळी आम्ही गरम पाण्याने आंघोळ केली, वरणभात खाल्ला आणि झोपलो.

दुपारी चारला बाहेर पडण्याचंही तसंच. आपल्याकडे ऊन कडक असतं, पण घाम लगेच वाळतो, अंगाला गारवा मिळतो. किनाऱ्यावर हवाच दमट, घाम वाळतच नाही, त्यामुळे डिसेंबरातसुद्धा अर्ध्या तासात जीव नकोसा होतो. पाचनंतर निघा.

एका संध्याकाळी चार जागा बघू नका

आमची सगळ्यात मोठी चूक हीच. यादी केली होती: थिबा राजवाडा, थिबा पॉइंट, रत्नदुर्ग किल्ला, मांडवी. सगळं एकाच संध्याकाळी. राजवाडा ब्रह्मदेशचा शेवटचा राजा थिबा याच्यासाठी १९१० च्या सुमारास बांधलेला. इंग्रजांनी १८८६ साली त्याला रत्नागिरीत आणलं आणि १९१६ साली तो इथेच वारला. तिथे शांतपणे फिरायचं तर दुपारीच जायला हवं, आत सरकारी संग्रहालय आहे आणि ते संध्याकाळी बंद असतं. आम्ही पोचलो तेव्हा कुलूप लागलं होतं. तिथून रिक्षाने रत्नदुर्ग. चढ आणि पायऱ्या चढून भगवतीच्या देवळापर्यंत जाईतो जाऊबाईंचे गुडघे बोलायला लागले, आणि उतरताना अंधार. मांडवी राहूनच गेली.

सोबत कुणी असलं की चाल त्यातल्या हळू चालणाऱ्याची धरावी. मला हे उशिरा कळलं. रत्नदुर्ग करायचा तर तेवढाच करा, उजेड असताना उतरा. गुडघ्यांची तक्रार असेल तर सरळ थिबा पॉइंटला जा. बसायला जागा आहे, खाली काजळी नदी भाट्याच्या खाडीतून समुद्राला मिळताना दिसते, खाडीवरचा पूल दिसतो, आणि सूर्य समोरच मावळतो. दोन तास कसे जातात कळत नाही. आम्ही तिथे सासूबाईंबद्दल, वाटणीबद्दल, वीस वर्षं मनात ठेवलेलं बोललो. घरी ते कधी निघालं नसतं.

तिथी न बघता वाळूत उतरू नका

आपण एकादशी धरतो, संकष्टी धरतो, पण त्या तिथीचा पाण्याशी संबंध असतो हे आपल्याला कुणी शिकवलेलं नसतं. पहिल्या खेपेला दत्तजयंतीला, म्हणजे मार्गशीर्ष पौर्णिमेला, आम्ही भाट्याच्या किनाऱ्यावर होतो. पाणी लांब गेलेलं, ओली वाळू आरशासारखी. सुरूच्या बनातून आलो, चपला ओल्या वाळूच्या कडेला काढल्या आणि चालत खूप पुढे गेलो. सूर्य मावळल्यावर वळून आलो तर चपला नाहीत. जिथे ठेवल्या होत्या तिथे घोटाभर पाणी. जाऊबाई रिक्षापर्यंत अनवाणी आल्या.

दुसऱ्या दिवशी मांडवीला जाळं शिवत बसलेल्या एका आजोबांनी हिशेब सांगितला. तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणायचं. जो आकडा येईल, त्या वाजण्याच्या आसपास भरती पूर्ण असते. पंचमी असेल तर पावणेचार, अष्टमी असेल तर सहा. पौर्णिमा-अमावास्येला पंधरा धरायचे, म्हणजे सव्वा अकरा. कृष्ण पक्षातही प्रतिपदेपासून तसंच मोजायचं. ठिकाणानुसार अर्धा-पाऊण तास, कधी तासभरही इकडेतिकडे होतं, म्हणून जागेवर विचारून घ्यायचंच. भरतीनंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी, आणि पुढे सहा तासांनी पुन्हा भरती. रोज ही वेळ सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते.

आता पौर्णिमेचा हिशेब करा. सकाळी अकराच्या आसपास भरती, म्हणजे संध्याकाळी पाचच्या सुमारास पाणी सगळ्यात लांब गेलेलं. आपण साडेपाचला जातो, मोकळा किनारा बघून पुढे पुढे जातो, आणि नेमकं तेव्हा पाणी परत फिरलेलं असतं. त्यात पौर्णिमा-अमावास्येला उधाणाची भरती, पाणी नेहमीपेक्षा जास्त वर येतं. पहिल्या तासात ते जाणवत नाही, तिसऱ्या-चौथ्या तासात सगळ्यात वेगाने चढतं. अष्टमीच्या आसपास उलटं: संध्याकाळीच भरती, पण भांगाची, म्हणजे बेताची. चालायला वाळू कमी मिळते, काठावर बसायला मात्र छान.

म्हणून चपला कोरड्या वाळूत, झाडाजवळ ठेवा. गाडी वाळूत घालूच नका. चाक रुतलं तर ॲक्सिलरेटर दाबत राहू नका, चाक आणखी खोल जातं. टायरची हवा थोडी कमी करा, चाकापुढची वाळू उकरा, आणि पाणी चढत असेल तर वेळ न घालवता लोकांना हाक मारा. भाट्याला खाडीच्या तोंडाशी पाण्यात उतरू नका. ओहोटीला खाडीचं पाणी जोराने समुद्राकडे ओढतं, आणि विहिरीत पोहायला शिकलेल्या माणसाला त्या ओढीचा अंदाज नसतो.

सूर्य बुडाला की उठू नका

लातूरपेक्षा रत्नागिरीत सूर्य साधारण १३ मिनिटं उशिरा मावळतो. डिसेंबरात सहा वाजून गेल्यावर, मे महिन्यात सातच्या सुमारास. लोक बिंब बुडालं की उठतात, पण खरे रंग पुढच्या वीस मिनिटांत येतात. ढग असले तरी थांबा. आम्हाला सगळ्यात सुंदर आभाळ मिळालं ते ढगांच्याच दिवशी. तेवढा वेळ मोबाईल पिशवीत ठेवा. सोबतच्या माणसाला तुमचा चेहरा दिसू दे.

अंधार पडायच्या आधी दोन गोष्टी मात्र ठरवून ठेवा. चुकामूक झाली तर कुठे भेटायचं, आणि परतायची रिक्षा. भाट्याहून रात्री रिक्षा शोधत उभं राहावं लागलं तेव्हापासून आम्ही जातानाच येण्या-जाण्याचे आणि थांबण्याचे पैसे ठरवून घेतो.

जेवणाचं थोडक्यात सांगते. ज्वारीची भाकरी शोधत फिरू नका, तांदळाची मऊ भाकरी घ्या, सोबत सोलकढी. मासे खाणाऱ्यांनी जून-जुलै टाळावा, तेव्हा यांत्रिक मासेमारी बंद असते. जाऊबाई माळकरी, म्हणून आम्ही जेवायची खानावळ दुपारीच बघून ठेवायचो. भुकेल्या पोटी रात्री दारोदार विचारत फिरलं की सोबतीत कुरबुर सुरू होते.

आणि खोलीवर आल्यावर साडीचा काठ आणि पाय गोड्या पाण्याने धुवा. खारं पाणी अंगावर वाळलं तर रात्रभर खाज सुटते. शेवटच्या रात्री जाऊबाईंनी दोन्ही साड्या पिळून खिडकीत टाकल्या आणि विचारलं, "पुढच्या खेपेला अष्टमी कधी येतीय, बघतीस का?"