वैमानिक होण्यासाठी कोणते काम आधी करावे

बारावीचा निकाल लागला की काही घरांत वैमानिक होण्याचा विषय निघतो आणि पहिली चौकशी होते ती फीची. माझ्या मते ही सुरुवातच चुकीची आहे. व्यावसायिक वैमानिकाचे लायसन्स, ज्याला या क्षेत्रात सगळे सीपीएल म्हणतात, ते मिळवण्यासाठी काय काय करावे लागते हे थोडी चौकशी केली तर कोणालाही कळते. पण त्यातले कोणते काम आधी आणि कोणते नंतर करायचे हे कोणी नीट सांगत नाही, आणि तो क्रम चुकला की वर्ष वाया जाते किंवा लाखो रुपये अडकून पडतात. भारतात राहून सीपीएल घेऊ इच्छिणारे विद्यार्थी आणि त्यांचे पालक यांच्यासाठी हा क्रम मी येथे मांडत आहे.

आजवरच्या नियमाप्रमाणे सीपीएलसाठी वयाची १८ वर्षे पूर्ण असावी लागतात आणि बारावीला भौतिकशास्त्र व गणित हे विषय असावे लागतात. ज्यांनी वाणिज्य किंवा कला शाखेतून बारावी केली आहे, त्यांना राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून हे दोन विषय स्वतंत्रपणे देता येतात. ही अट काढून टाकण्याचा प्रस्ताव २०२५ मध्ये चर्चेत आला होता, म्हणून अर्ज करण्यापूर्वी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, म्हणजे डीजीसीएच्या, संकेतस्थळावरील तरतूद स्वतः वाचावी. वयाच्या १६व्या वर्षी विद्यार्थी वैमानिकाचे लायसन्स मिळू शकते, त्यामुळे घाई असणाऱ्याला तयारी अकरावीतही सुरू करता येते. पण बारावीचे गणित कच्चे ठेवून ही घाई करू नये.

सगळ्यात आधी करायचे काम म्हणजे वैद्यकीय तपासणी. पहिली तपासणी वर्ग दोनची असते आणि ती डीजीसीएच्या यादीतल्या डॉक्टरांकडे होते. त्यानंतर वर्ग एकची तपासणी ठरवून दिलेल्या केंद्रांवर होते; दिल्ली आणि बंगळूर येथील हवाई दलाची केंद्रे त्यांत प्रमुख आहेत. सीपीएल वर्ग एकशिवाय मिळत नाही. ठरलेल्या मर्यादेत दृष्टी सुधारत असेल तर चष्मा आडवा येत नाही, पण रंग ओळखण्यातला दोष, हृदयाच्या आलेखातला दोष किंवा ऐकू येण्यातली कमतरता अनेकदा याच टप्प्यावर पहिल्यांदा कळते, कारण रोजच्या जगण्यात त्यांचा त्रास जाणवतच नाही. तात्पुरते अपात्र ठरवले गेले तरी घाबरून जाऊ नये. उपचार घेऊन पुन्हा तपासणी करता येते. मात्र वर्ग एकचा निकाल हातात येईपर्यंत कोणत्याही संस्थेला मोठी रक्कम देऊ नये, आणि या एका बाबतीत पालकांनी मुलाच्या उत्साहापुढेही नमते घेऊ नये.

तपासणीच्या तारखेची वाट पाहत असतानाच संगणक क्रमांकासाठी अर्ज करावा. डीजीसीएच्या परीक्षांना बसण्यासाठी हा क्रमांक लागतो आणि त्यासाठी दहावी-बारावीच्या गुणपत्रिकांची पडताळणी होते. आपल्याकडच्या मुलांची एक अडचण येथे हमखास निघते. महाराष्ट्र बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव आणि मग वडिलांचे नाव असते, तर आधार आणि पारपत्रावर तेच नाव वेगळ्या क्रमाने किंवा वडिलांच्या नावाविना छापलेले असते. स्पेलिंगमधल्या एका अक्षराच्या फरकानेही अर्ज परत येतो. म्हणून अर्ज भरण्यापूर्वी सगळ्या कागदांवरचे नाव एकसारखे करून घ्यावे.

लेखी परीक्षेचे विषय म्हणजे हवाई दिशाज्ञान, विमानोड्डाणाचे हवामानशास्त्र, हवाई नियम, तांत्रिक सामान्य आणि प्रत्यक्ष उडवायच्या विमानाविषयीचा तांत्रिक विशेष. प्रत्येकात ७० टक्के गुण लागतात. रेडिओवरील संभाषणाची परीक्षा याशिवाय वेगळी असते. यातले निदान तीन मोठे विषय फ्लाइंग स्कूलला जाण्यापूर्वी सुटलेले असावेत असा माझा आग्रह आहे, कारण सकाळी उड्डाण, दुपारी उकाडा आणि रात्री अभ्यास असा दिनक्रम झाला की दोन्हींपैकी एक मागे पडतेच.

हे विषय पाठांतराने सुटतात, आणि प्रश्नसंच पाठ करून पास होणारी मुलेही मी पाहिली आहेत. पण त्या ज्ञानाची गरज विमानात बसल्यावर लगेच पडते. समजा हवेतला वेग १२० नॉट, म्हणजे तासाला १२० सागरी मैल, आहे आणि ३०० सागरी मैल जायचे आहे. वारा नसेल तर अडीच तास लागतील. समोरून २० नॉटचा वारा असेल तर जमिनीवरचा वेग १०० नॉट होतो आणि तेच अंतर कापायला तीन तास लागतात. सेसना १७२ सारखे विमान तासाला सुमारे ३५ लिटर इंधन घेते, म्हणजे त्या वाऱ्याची किंमत सतरा-अठरा लिटर झाली, आणि ती निघण्यापूर्वीच हिशेबात धरलेली असली पाहिजे. दिशेचेही असेच एक सोपे गणित आहे. ६० मैल गेल्यावर आपण ठरलेल्या रेषेपासून १ मैल बाजूला सरकलो असू, तर दिशा १ अंशाने चुकली आहे, हे विद्यार्थ्याला कागद न घेता सांगता आले पाहिजे.

उष्णतेचा धडा तर विदर्भात शिकणाऱ्याने विशेष नीट समजून घ्यावा. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे एक हजार फुटांवर आहे. मे महिन्यात तापमान ४५ अंशांवर गेले की हवा इतकी विरळ होते की विमानाचे पंख आणि इंजिन आपण जवळजवळ पाच हजार फुटांवर असल्यासारखे वागतात. म्हणजे धावपट्टी नागपूरची असली तरी विमानाच्या दृष्टीने ते महाबळेश्वरच्याही वरून उडत असते. जमीन सोडायला धावपट्टी जास्त लागते आणि चढण मंदावते. जो विद्यार्थी हे समजून घेतो तो भरलेल्या टाक्या आणि दुपारचे ऊन यांचा मेळ घालताना स्वतःहून थांबतो. त्याला इन्स्ट्रक्टरने अडवावे लागत नाही.

आता संस्था निवडण्याविषयी. महाराष्ट्रात बारामती, धुळे, गोंदिया आणि नागपूर येथे प्रशिक्षण चालते. उत्तर प्रदेशात फुरसतगंजची इंदिरा गांधी राष्ट्रीय उड्डाण अकादमी ही सरकारी संस्था प्रवेश परीक्षा घेऊन विद्यार्थी निवडते. मुंबईला या शिक्षणाची परंपरा जुनी आहे. बॉम्बे फ्लाइंग क्लब १९२८ मध्ये जुहूला सुरू झाला, तेथेच शिकलेल्या जे. आर. डी. टाटा यांना १० फेब्रुवारी १९२९ रोजी भारतात दिले गेलेले पहिले वैमानिक लायसन्स मिळाले, आणि १५ ऑक्टोबर १९३२ रोजी ते कराचीहून टपाल घेऊन जुहूलाच उतरले. आज मात्र नावावर किंवा परंपरेवर न जाता आकडे विचारावेत.

विचारायचा पहिला आकडा असा: आज उडण्यायोग्य स्थितीत विमाने किती आणि त्यांवर विद्यार्थी किती? माहितीपत्रकातली विमाने मोजू नयेत. हँगरमध्ये इंजिन उतरवून ठेवलेले विमानही त्यात धरलेले असते. समजा दहा विमाने आहेत, प्रत्येक रोज पाच तास उडते आणि महिन्यात पंचवीस दिवस हवामान साथ देते. एकूण १,२५० तास झाले. विद्यार्थी शंभर असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला महिन्याला साडेबारा तास येतात आणि सीपीएलला लागणाऱ्या २०० तासांना सोळा महिने लागतात. त्यातली पाच विमाने बंद पडली की तेच बत्तीस महिने होतात, आणि दरम्यान वसतिगृहाचे भाडे, जेवण आणि कर्जाचे व्याज चालूच राहते. माझ्या ओळखीच्या एका मुलाने सगळी फी एकरकमी भरली आणि दोन वर्षांत त्याचे जेमतेम साठ तास झाले. पैसे परत मागण्याची कोणतीही तरतूद करारात नव्हती. म्हणून फी उडालेल्या तासांप्रमाणे हप्त्यांनी द्यावी आणि परताव्याचे कलम वाचूनच सही करावी. डीजीसीएने ऑक्टोबर २०२५ पासून प्रशिक्षण संस्थांची श्रेणी जाहीर करायला सुरुवात केली आहे, ती पाहावी. पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे तेथे चार दिवस राहून शिकणाऱ्या मुलांची लॉगबुके पाहावीत. मागच्या महिन्यात किती तास झाले, हे लॉगबुकात तारखेनिशी लिहिलेले असते.

संपूर्ण प्रशिक्षणाचा खर्च साधारण ४५ ते ६० लाख रुपयांच्या घरात जातो. प्रवेशाचा महिनाही विचार करून निवडावा. जूनमध्ये दाखल होणाऱ्याचे पहिले तीन-चार महिने पश्चिम महाराष्ट्रात ढगांकडे पाहत जातात, तर पावसाळ्यात परीक्षा उरकून ऑक्टोबरात दाखल होणाऱ्याला सलग कोरडे महिने मिळतात.

प्रत्यक्ष उड्डाणाचा दिवस पहाटे सुरू होतो. विमानाभोवती फिरून तपासणी करताना टाकीच्या तळाशी असलेल्या झडपेतून थोडे इंधन काढून ते उजेडात धरावे. या विमानांचे इंधन निळसर असते आणि पाणी जड असल्याने तळाशी वेगळे दिसते. हे काम रोज करून कंटाळवाणे होते, आणि म्हणूनच ते कधीही दुसऱ्यावर सोडू नये. सुरुवातीचे तास सरळ उडणे, वळणे, चढणे, उतरणे आणि स्टॉल यांत जातात. स्टॉल म्हणजे इंजिन बंद पडणे नव्हे. पंख हवेला फार मोठ्या कोनात भिडले की त्यांवरचा प्रवाह सुटतो आणि उचल कोसळते. तेव्हा नाक खाली करायचे असते, आणि जमीन जवळ दिसत असताना मन नेमके उलट सांगत असते. हात मनाचे ऐकेनासा होईपर्यंत हा सराव करावा लागतो.

मग सर्किट येते, म्हणजे धावपट्टीभोवती साधारण एक हजार फुटांवरून चौकोनी फेरी मारून पुन्हा उतरणे. बहुतेक विद्यार्थी येथे अडतात आणि त्याचे कारण बहुधा नजर असते. जमीन जवळ आली की ते नाकासमोरच्या डांबराकडे पाहतात, आणि नाक एकतर उशिरा उचलतात किंवा फार लवकर. धावपट्टीच्या दूरच्या टोकाकडे नजर नेली की विमान किती खाली आले आहे हे डोळ्यांना आपोआप समजते. पहिले सोलो, म्हणजे एकट्याने केलेले उड्डाण, किती तासांनी होते याची बरोबरी सोबत्यांशी करू नये. सोलोच्या दिवशी इन्स्ट्रक्टर उतरून गेलेला असल्याने विमान हलके असते आणि नेहमीपेक्षा लवकर वर जाते. त्याची कल्पना आधी असली की दचकायला होत नाही. उतरताना काहीही मनासारखे नसेल तर पूर्ण शक्ती देऊन पुन्हा वर जावे. इन्स्ट्रक्टर त्यासाठी कधीही रागावत नाही.

सीपीएलच्या २०० तासांपैकी १०० तास मुख्य वैमानिक म्हणून व्हावे लागतात. त्यांत २० तास क्रॉस कंट्रीचे, म्हणजे एका ठिकाणाहून दूरच्या दुसऱ्या ठिकाणी जाण्याचे, असतात आणि एक उड्डाण किमान ३०० सागरी मैलांचे, वाटेत दोन वेगळ्या विमानतळांवर पूर्ण उतरून केलेले असावे लागते. बाहेर न पाहता केवळ उपकरणांवर उडण्याचे १० तास आणि रात्रीचे ५ तास, दहा उड्डाणे व दहा अवतरणांसह, याशिवाय लागतात. रात्रीच्या उड्डाणाची सोय आपल्याच तळावर आहे का हे प्रवेशापूर्वी विचारावे, नाहीतर त्या पाच तासांसाठी दुसऱ्या गावी मुक्काम पडतो.

विमान कंपनीत जायचे असेल तर बहुइंजिन विमानाचे आणि उपकरण-उड्डाणाचे मानांकन घ्यावे लागते, आणि नंतर एअरबस ए३२० किंवा बोइंग ७३७ सारख्या विमानाचे टाइप रेटिंग, म्हणजे तो विशिष्ट प्रकार उडवण्याची पात्रता. त्याचा खर्च वेगळा असतो. नोकरीची खात्री नसताना स्वतःच्या पैशाने टाइप रेटिंग करून ठेवू नये, कारण कंपनीकडे त्या प्रकारची विमाने असतील आणि तेव्हाच भरती असेल असे नसते. नोकरी लागल्यावरही सुरुवात सहवैमानिक म्हणून होते. कॅप्टन होण्यासाठीच्या लायसन्सला १,५०० तास लागतात. ज्यांना हा खर्च झेपत नाही त्यांनी खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीमार्फत हवाई दलाचा मार्ग पाहावा. तेथे २०२२ पासून मुलींनाही प्रवेश आहे आणि उड्डाणाचे शिक्षण सरकारी खर्चाने होते.

पहिल्या उड्डाणापासून लॉगबुक त्याच संध्याकाळी भरावे आणि दर महिन्याला पान पूर्ण करून सही घ्यावी. लायसन्सच्या अर्जाबरोबर प्रत्येक तासाची छाननी होते, आणि वर्षभराने आठवून लिहिलेल्या नोंदी विमानाच्या नोंदवहीशी जुळत नाहीत. कागदांतल्या खोटेपणाला या व्यवसायात क्षमा नाही. २०११ मध्ये बनावट गुणपत्रिकांवर लायसन्स मिळवलेले वैमानिक पकडले गेले तेव्हा त्यांची लायसन्से रद्द झाली आणि अटकाही झाल्या. एखाद्या दिवशी हवामानामुळे अर्ध्या वाटेवरून परतावे लागले तर तेही जसेच्या तसे लिहावे, परतण्याचे कारण आणि वेळ यांसह.